एकवीस एमबीत बसवलेल्या बाई

८ जानेवारी, गुरु.

बीपी १५०/९४. डॉक्टरांनी रोज लिहून ठेवायला सांगितलंय. का वाढतंय ते त्यांनी विचारलेलं नाही.

सकाळी चहा घेताना फोन टिंगटिंग करायला लागला. बाईंच्या शिष्यांचा ग्रुप. शिष्यांचा तरी कसला, दोनशे बारा माणसं आहेत, त्यातल्या विसांनी बाईंना पाहिलं असेल. मंदार म्हणून हडपसरचा एक कंप्युटरवाला आहे, बाईंच्या शेवटच्या वर्षी चार महिने त्यांच्याकडे गाणं शिकायला यायचा, तो ग्रुप चालवतो. त्याने एकामागून एक त्रेसष्ट फाइली टाकल्या. वर मजकूर: "बाईंचा खजिना आता सर्वांसाठी! लाइट व्हर्जन, फोनमध्ये सहज मावेल." खाली हात जोडलेले, फुलं, रडणारे पिवळे चेहरे.

त्रेसष्ट आकडा वाचला आणि कप खाली ठेवला. या त्याच कॅसेटी. बाईंच्या तालमीच्या. बाई असतानाच त्यांनी माझ्याकडे सोपवलेल्या. वर्षभर या वारज्याच्या हॉलमध्ये बसून एकेक कॅसेट डेकवर लावली, नव्वद मिनिटांची असेल तर नव्वद मिनिटं तिच्यासमोर बसले आणि कंप्युटरवर घेतली. त्या वर्षात दुपारची झोप म्हणून माहीत नव्हती.

आणि बाई गेल्यावर डिस्क नि कॅसेटी त्यांच्या मुलाच्या, सुहासच्या, हातात दिल्या, तेव्हा माझ्या लॅपटॉपवरचं सगळं त्याच्यासमोर पुसलं. बाईंना शब्द दिला होता, तानपुऱ्यावर हात ठेवून. तालीम घराबाहेर जाणार नाही. मी एक कॉपी ठेवली नाही. एक! आणि हा दोनशे बारा लोकांना वाटत सुटतो.

सु.ला फोन केला. म्हणाला, "अगं वसूताई, आई गेली. आता लपवायचं काय राहिलंय? ऐकू दे की लोकांना."

"मग मला कशाला पुसायला लावलंस?"

"मी कुठे लावलं? तूच पुसलंस."

खरं आहे. मीच पुसलं. म्हणून तर जास्त राग आला.


९ जाने., शुक्र.

काल हट्टाने ऐकलं नव्हतं. आज दुपारी ऐकलं. कॅसेट क्र. १४, मुलतानी.

तानपुरा नाही.

आधी वाटलं, माझे इअरफोन गेले. ह्यांचे मागून घेतले. तरी नाही. क्र. १५ लावली, २२ लावली, थेट ६० लावली. नाही म्हणजे नाहीच. बाईंचा एकटा आवाज, तोही पातेल्यात तोंड घालून गायल्यासारखा. स आला की फस्स्‌ करतो. मींड मध्येच तुटते, पलीकडे कुठेतरी परत उगवते. आणि मागे काही नाही. भिंत.

हे म्हणाले, "बाई एकट्याच गातायत वाटतं."

एकट्या? एकोणीस वर्षं मी बसले होते मागे! शाळा सुटली की गणिताच्या वह्या पिशवीत, आणि तशीच बाईंकडे. मी गायिका नव्हते, होणारही नव्हते, बाईंनी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं, "वसू, तुझा गळा राहू दे, तुझा हात आण." हात नेला. या त्रेसष्ट कॅसेटींत माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा तानपुरा नाही. माझं या जगात कुठे काही वाजलेलं असेल तर ते तेवढंच.

मं.ला फोन. एवढ्या आनंदात होता की दोन मिनिटं मला बोलूच दिलं नाही. "काकू, तुम्ही ऐकलंत? किती क्लिअर झालंय ना? मागे घुंऽऽ असा कंटिन्युअस नॉइज होता सगळ्या फाइल्समध्ये. तो पूर्ण काढला."

घुं.

फोन ठेवला. बीपी घेतलं नाही, कशाला घ्यायचं.


१४ जाने., बुध.

संक्रांत. ग्रुपवर तिळगुळाचे चौऱ्याऐंशी मेसेज. गोड बोलायचा दिवस, पण मला जमलं नाही. सगळ्यांच्या हलव्याखाली लिहिलं: "या फाइली ऐकू नयेत, पुढे पाठवू नयेत. यांतून तानपुरा काढून टाकलेला आहे. तानपुऱ्याशिवाय गाणं म्हणजे काय हे ज्यांना कळत नाही त्यांनी निदान हात लावू नये. — वसुधा"

एक अंगठा आला. एकाने लिहिलं, "ऑडिओ छान क्लिअर आहे की." कोणी बाई म्हणतात, "आम्ही तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून ऐकतो, काही फरक पडत नाही." आणि एकाने विचारलं, "वसुधा कोण?"

कोणी उत्तर दिलं नाही. मीही नाही. संध्याकाळी शेजारणी वाण घेऊन आल्या, त्यांच्याशीही धड बोलले नाही. हे म्हणाले, "त्यांनी काय केलंय बिचाऱ्यांनी?" काही नाही केलेलं. पण समोर त्या होत्या.


१८ जाने., रवि.

हडपसर. दोन बस बदलून गेले. ह्यांनी "रिक्षाने जा" म्हटलं तर त्यांच्यावरही ओरडले.

मं.चं घर अकराव्या मजल्यावर. दार उघडल्या उघडल्या वाकून नमस्कार. अशा माणसावर ओरडायचं कसं? घरून सगळं पाठ करून आले होते, "तुला लाज वाटली पाहिजे" पासून. पायच धरले गाढवाने. चहाही चांगला होता.

म्हटलं, काय केलंस ते दाखव. कंप्युटर लावून दाखवलं. फाइल नऊशे एमबीची, ग्रुपवर जाताना अडकते, लोकांना डाउनलोड होत नाही. म्हणून त्याने ती एकवीस एमबीची केली. म्हणजे कान ज्याच्याशिवाय चालवून घेतात असं मशीनला वाटतं, ते ते काढून टाकायचं. चाळीसातलं एक ठेवायचं. शाळेत कोणी असा भागाकार केला असता तर मी बाकी मांडायला लावली असती. "बाकी कुठे जाते?" विचारलं. म्हणाला, "जात नाही काकू, राहतच नाही."

पण तानपुरा त्यात गेला नाही. तो त्याच्या आधी गेला. आवाज साफ करायचा तर मशीनला एक नमुना दाखवावा लागतो, की बघ, याला म्हणायचं खरखर, असं जिथे जिथे असेल ते काढ. नमुना घ्यायचा सुरुवातीचा, जिथे अजून कोणी गात नसतं. "तिथे फक्त नॉइज असतो ना," मं. म्हणाला. त्याने प्रत्येक फाइलचे पहिले पाच सेकंद घेतले.

पहिले पाच सेकंद काय होतं? बाई सूर लावायच्या आधी काय असतं? मी असते!

मशीनला माझं नाव सांगितलं आणि म्हटलं, ही जिथे दिसेल तिथे पूस. त्रेसष्ट वेळा.

एवढं ऐकून मी उठायला हवं होतं. पण गणिताची खोड. विचारलं, कॅसेट सुरू होते तेव्हा नुसती फीत चालल्याची खरखर असते, दहा-पंधरा सेकंद. ती का नाही घेतलीस? तर म्हणाला, "ती नव्हतीच काकू. प्रत्येक फाइल एकदम तानपुऱ्यानेच सुरू होत होती. कोणीतरी एकदम नीट कापलेली."

कोणीतरी.

मी कापलेली. एकेक. खरखर कशाला ठेवायची, फाइल उघडली की पहिला कानात पंचम पडावा, म्हणून. हौसेने. इंच न्‌ इंच मोजून. ती खरखर राहू दिली असती तर या बावळटाने ती घेतली असती आणि तानपुरा वाचला असता.

त्याला हे सांगितलं नाही. बसमध्ये खिडकीला डोकं लावून बसले. कंडक्टरने दोनदा विचारलं, "आजी, कुठे उतरायचं?" त्याला म्हटलं, "आजी कोणाला म्हणतोस?"


१९ जाने., सोम.

एक गोष्ट राहिली काल लिहायची, रागात. मं. म्हणाला की मूळच्या मोठ्या फाइली त्याने उडवलेल्या नाहीत. डिस्कवर तशाच ठेवल्या, छोट्या शेजारी ठेवल्या आणि डिस्क सु.ला परत दिली. म्हणजे आहे. सगळं आहे तिथे.

सु.चा फोन लागत नाही. त्यांची पेठेतली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, सध्या भाड्याने विश्रांतवाडीला राहतात. उद्या जाते.

आणखी एक मं.कडून कळलं. गाताना मध्ये थांबून बाई आम्हाला बोलायच्या, तेही फाइलींत नाही; ते कापलंय ते मशीनने नाही. सु.ने सांगितलं होतं, "बोलणं काढ, गाणं ठेव."


२० जाने., मंगळ.

बीपी १६४/१००. सकाळचं आहे, जायच्या आधीचं.

सु.च्या घरी खोक्यांतून वाट काढत बसले. त्याची बायको घरी नव्हती ते बरं.

"आईने तुम्हाला झापलेलं लोकांनी कशाला ऐकायचं?" सु. म्हणतो. "'म्हशी, कान कुठेत तुझे' हे ग्रुपवर टाकू? मला नाही आवडत. माझी आई होती ती."

मी म्हटलं, "ते झापणं हीच तालीम होती. गाणं काय, मैफलीतही ऐकायला मिळायचं."

"तुम्हाला तालीम. मला लहानपणापासून घरात तेच ऐकू यायचं. दुपारी जेवायला बसलो तरी आतून ओरडणं."

 त्याचा चेहरा बघितला. म्हटलं, ते सोड, डिस्क दे.

डिस्क दिली. पुढचं ऐकायच्या आधी मी पाणी मागायला हवं होतं.

डिस्कवर एकाच नावाच्या दोन-दोन फाइली होत्या. "सारख्याच आहेत ना, डबल झाल्यात. म्हणून जड होत्या त्या उडवल्या." हलक्या ठेवल्या. जड उडवल्या! आणि रिकामी झाली म्हणून त्या जागेवर मुलीच्या लग्नाचं शूटिंग भरलं. हळद, सीमांतपूजन, सगळं.

"कॅसेटी?"

"अगं, शिफ्टिंगमध्ये... डिस्कवर घेतल्या होत्यास ना तू? म्हणून भंगारवाल्याला. प्लेअर तरी कोणाकडे आहे आता?"

मी काय बोलले ते लिहिणार नाही. खालच्या मजल्यावरचं दार उघडून कोणीतरी वर बघत होतं एवढं आठवतंय. तेहतीस वर्षं शिकवलं, कोणत्याही वर्गात असा आवाज चढवला नव्हता. सु. शेवटी म्हणाला, "वसूताई, तूही एक कॉपी ठेवायला हवी होतीस. आजकाल कोण असं करतं?"

डिस्क पर्समध्ये घालून निघाले. घेऊन जाऊ का विचारलं नाही, घातली.


२३ जाने., शुक्र.

डिस्कमधलं पुसलेलं परत काढून देणारा एक दुकानदार सापडला, मं.नेच सुचवला. चाळिशीचे गृहस्थ, अकोल्याकडचे, कपाळावर भिंग. लग्नाचं शूटिंग बघून हसले. "ताई, पुसलं ते जात नाही लवकर. पण त्याच्यावर दुसरं भरलं न, तेवढी जागा गेली समजा. बाकीचं पाहतो न मी."

"किती मिळेल?"

"आता कसं सांगू? तुकडे निघतील. नावं नाही राहत तुकड्यांना. कोणता कशाचा ते तुम्हालेच ओळखा लागन."

म्हटलं, मी ओळखेन. पाच सेकंद पुरेत मला. माझा हात ओळखायला पाच सेकंदच लागतात, हे आता मशीनलाही माहीत आहे.

ते म्हणाले, दोन-तीन आठवडे. लग्नाचं काय करायचं विचारत होते. म्हटलं, त्याची मला काळजी नाही. मग लाज वाटली, त्या पोरीला मी अंगावर खेळवलेलं आहे. परत जाऊन सांगितलं, तेही जपा.


२८ जाने., बुध.

आज तर कमाल झाली.

१५ फेब्रुवारीला बाईंचा स्मृतिदिन. सु. आणि मं. दोघे मिळून घरी आले, पेढे घेऊन. पेढे! कार्यक्रम करायचाय, छोटा हॉल, शंभर खुर्च्या. स्टेजवर बाईंचा फोटो आणि स्पीकरवर बाईंचा मुलतानी. ग्रुपवरची फाइल. सु. इकडेतिकडे बघत होता, बोलला मं.च. "काकू, माझी चूक झाली, मला आता कळतंय. म्हणून सुचलं. रेकॉर्डिंग वाजेल आणि तुम्ही स्टेजवर बसून लाइव्ह तानपुरा वाजवायचा. म्हणजे जे गेलंय ते..."

"ते काय?"

"भरून निघेल."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. शहाणा माणूस.

म्हटलं, आधी मला पुसलंत, आता मीच येऊन ती जागा भरू? बाईंच्या मागे बसत होते, आता तुमच्या स्पीकरच्या मागे बसू? तो स्पीकर माझ्याकडे वळून बघणार आहे का, पंचम उतरला म्हणून? तुमची चूक झाकायला माझे हात हवेत. वाद्य विसरला असाल तर सांगते, तानपुरा म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी नाही!

मं. रडकुंडीला आला होता. सु. उठला, म्हणाला, "चल रे. मी सांगत होतो ना तुला." दारात परत वळला. "पण वसूताई, आईच्या मागे दुसऱ्या कोणाला बसवलेलं मला चालणार नाही. तू नाही तर तानपुरा नाही."

नकोच, म्हटलं. दार लावलं. पेढे मोलकरणीला दिले.


१ फेब्रु., रवि.

बीपी १५८/९६.

ह्यांनी आज दुपारी जेवताना विषय काढला. सहसा काढत नाहीत. "तू नक्की कोणावर चिडली आहेस?"

म्हटलं, मंदारवर, सुहासवर, त्या अ‍ॅपवाल्या बाईवर, एकवीस एमबीवर.

"आणि?"

वरणात लिंबू पिळत राहिले. ह्यांना खरखर कापल्याचं सांगितलेलं नव्हतं, आज सांगितलं. शब्द पाळला म्हणून कॉपी नाही, आणि स्वच्छता केली म्हणून तानपुरा नाही. दोन्ही माझेच सद्गुण. दुसऱ्या कोणी केलं असतं तर निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

हे म्हणाले, "स्वतःला दे की. तुला येतात चांगल्या."

हसू आलं, मग हसण्याचाही राग आला. बाई असत्या तर मला सगळ्यांसमोर झोडपलं असतं आणि प्रकरण संपलं असतं. आता झोडपणारं कोणी नाही. होतं ते फाइलीत होतं.


३ फेब्रु., मंगळ.

अकोलेकरांचा फोन. काही तुकडे निघालेत, पण ऐकू येतात का ते अजून पाहिलेलं नाही. "घाई करू नका ताई, घाईत बिघडते." घाई मी करत नाही, लोक करतात.

ग्रुपवर कार्यक्रमाची पत्रिका आली. तानपुरा: रिकामं. कोणाचंही नाव नाही, नुसत्या दोन टिंबांपुढे मोकळी जागा. मं.ने मुद्दाम ठेवली की विसरला, काय माहीत. त्याला वाटत असेल, काकू विरघळतील.

काकू विरघळत नाहीत.


४ फेब्रु., बुध.

दुपारी घरी एकटीच. हे पेन्शनच्या कामाला गेले होते.

ती फाइल किती वाईट आहे ते नीट तपासून, मुद्दे लिहून सु.ला पाठवायचे, असं ठरवून मोठ्या स्पीकरवर लावली. मुद्दा पहिला, पट्टी. बाईंची काळी तीन. पण माझ्या जुन्या डेकची चाल जरा जलद, त्यामुळे फाइलीत सूर किंचित वर. किती वर, ते सांगायला नेमका पुरावा हवा, म्हणून तानपुरा काढला. खोलीत कोण बघतंय.

जोडीच्या तारा वर घेतल्या. अजून. बाई अस्ताई म्हणत होत्या, मी खुंटी पिळत होते. फस्स्‌ फस्स्‌ चाललेलं, तरी सा ओळखू येत होता. पंचमाला वेळ लागला. मणी सरकवला. लागला, नाही लागला, लागला.

मग थांबून मुद्दा लिहायचा होता.

लिहिला नाही. बाई आलापीला लागल्या होत्या, अशा वेळी हात काढायचा नसतो, त्याची सवयच नाही हाताला. चाळीस मिनिटं. मध्ये तीन ठिकाणी मला ठाऊक आहे बाई थांबल्या होत्या, मला बोलल्या होत्या. एकदा तर केवढं. तिथे आता काहीच नाही, कापून जोडलंय, बाई सरळ पुढे जातात. दोनदा माझा खर्ज नक्की उतरला होता आज. त्या तशाच गात राहिल्या. इतका राग आला त्यांचा. बोला ना! कानांत काय घालून बसलात?

फाइल तानेच्या मध्येच संपली. मं.ने शेवटही कापलाय. माझा हात त्यानंतर बराच वेळ चालू होता.

पट्टी अर्ध्या सुराहून थोडी कमी वर आहे. लिहून ठेवते.

सु.चा मेसेज आला: "वसूताई, काय ठरलं?" त्याला निळ्या खुणा दिसू दिल्या. उत्तर दिलं नाही. हे आले, हॉलमध्ये बघितलं, तानपुऱ्याला वळसा घालून आत गेले. अजून गवसणीत घातलेला नाही.